पुरासाठी राखलेली जागा

आमच्या घरात वर्षं सनावर मोजत नसत. "पालीचं धरण बांधलं त्या साली", "मिलो खाल्ला त्या साली", "पूर आला त्या साली" एवढ्या तीन खुणांवर लग्नं, बारशी, वाटण्या, भांडणं सगळं बसवलेलं असायचं. तिन्ही खुणा पाण्याच्या. दोन नदीच्या आणि एक ते पाणी न आल्याची. सरकारी कागदावर तिचं नाव बिंदुसरा, आजीच्या तोंडी ती बेनसुरा.

बीड शहराच्या मधोमध ही नदी वाहते, म्हणजे वाहायची. पाटोदा तालुक्यात वाघिऱ्याकडे बालाघाटाच्या डोंगरात तिचा उगम. तिथून पालीवरून खाली उतरून ती शहरात शिरते, शहराचे दोन भाग करते, पुढे सिंदफणेला मिळते, आणि सिंदफणा गोदावरीला. लांबी फार नाही. पाऊसही आमच्याकडे बेताचाच, वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही चार महिने सारखा नाही. आजी म्हणायची, "आपली नदी वर्सभर गरीब अन् दोन राती सावकार." सावकार कधी दारात येऊन उभा राहील याचा नेम नसतो. बीडमध्ये नदीविषयी काही ठरवायचं तर त्या दोन रात्रींचा हिशेब आधी मांडावा लागतो, हे आमच्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

आजोबा, म्हणजे आबा, गोष्ट सांगायला बसले की सुरुवात नदीपासून होत नसे, खजाना विहिरीपासून होई. शहराच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्याच्या बाजूला ही विहीर आहे. निजामशाहीत, मूर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं १५८२च्या सुमारास ती बांधवली. बांधणाऱ्या स्थपतीचं नाव राजा भास्कर. आबांची कथा अशी, की वरून वसुलीचा तगादा आला तेव्हा सलाबतखान म्हणाला, खजिना जमिनीत ठेवलाय, येऊन बघा. बघायला आलेल्यांना विहीर दाखवली. खरं-खोटं आबाच जाणोत, पण विहिरीचं तंत्र अस्सल आहे. आत पाणी आणणारे बोगदे आणि बाहेर नेणारा बोगदा, सगळे जमिनीखालून. मोट नाही, रहाट नाही. नुसत्या उतारावर पाणी बलगुजारच्या शेतांपर्यंत जातं. शहरात सलाबतखानानंच बाग आणि कारंजं केलं असं सांगतात. त्या भागाला लोक अजून कारंजाच म्हणतात. अहमदनगरचा फराहबक्ष महालही याच सलाबतखानानं पुरा केला, म्हणजे गडी शौकीन होता. आबांचा शेरा त्यावर ठरलेला असे : "शौक होता, पर आधी रानात पाणी न्हेलं अन् मंग कारंजं उडवलं."

आजी बीडमध्ये सून म्हणून आली तेव्हा हाली शिक्का चालत होता. निजामाचं राज्य होतं. तिची नदी आम्ही पाहिलीच नाही, फक्त ऐकली. उन्हाळ्यात पात्रात वाळूचा रुंद पट्टा उघडा पडायचा. त्यात झिरा उकरायचा, गढूळ पाणी दोनदा उपसून टाकायचं आणि मग वाटीवाटीनं घागर भरायची. त्या पाण्यावर डाळ शिजते, विहिरीच्या पाण्यावर शिजत नाही, असं तिचं ठाम मत. भोई मंडळी वाळूत खरबुजाच्या वाड्या लावत. परीट एका बाजूला, सूत धुणारे मोमीन खालच्या बाजूला. कुणी कुठं बसायचं हे कुठल्याही कागदावर नव्हतं. पंचमीला काठावरच्या झाडांना झोके बांधले जात, आणि लेकी माहेरी आल्याचं अख्ख्या गावाला नदीवरच कळे. मोहरमच्या सवाऱ्या नदीवर येत. महाशिवरात्रीला कंकालेश्वरला जत्रा. कंकालेश्वराचं हे चालुक्यांच्या काळचं देऊळ कुंडाच्या मधोमध, चहूबाजूंनी पाण्यात उभं आहे. देव पाण्यात, माणसं काठावर, मुलं पाण्यात उड्या मारायला टपलेली.

आज ज्याला 'नदीकाठ विकास' म्हणतात त्यातलं काय नव्हतं तिथं? फिरायला जागा होती, खेळायला मैदान होतं, बाजार होता, जत्रा होती. तिकीट तेवढं नव्हतं. आणि एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आजीच्या नदीत जे जे होतं ते हंगामापुरतं होतं. खरबुजाची वाडी मृगाच्या आत मोडायची. झोके पंचमीपुरते. जत्रेचे पाल आठवड्याभराचे. झिरा तर रोज नवा. पात्रात खुंटी ठोकणारा माणूस ती उपटायची तारीख मनात धरूनच ठोकत असे. नदीची जागा लोकांनी वापरली, पण अडवली नाही.

मोमीनपुऱ्यातले एक चाचा आबांचे दोस्त होते. त्यांच्याकडे हैदराबादची गोष्ट होती. त्यांच्या वाडवडिलांपैकी कुणी तिथं नोकरीला होतं, आणि १९०८च्या सप्टेंबरात मुसी नदीला जो पूर आला तो त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. हजारो माणसं गेली. नदीकाठच्या एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेली दीडशे माणसं वाचली. ते झाड हैदराबादेत उस्मानिया दवाखान्याच्या आवारात अजून आहे. चाचा ही गोष्ट सांगताना शेवटी म्हणायचे, "पानी किसी के बाप का नौकर नै, बेटा."

पण चाचांच्या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आमचं बीड त्याच राज्यात होतं. पूर ओसरल्यावर निजाम सरकारनं १९०९मध्ये विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी शहर सोडून आधी डोंगराकडचं पाणी पाहिलं. मुसीवर आणि तिच्या ईसी या उपनदीवर, शहराच्या वर, पूर अडवून धरणारे दोन जलाशय बांधायचे, हा त्यांच्या योजनेचा कणा. त्यातून १९२०मध्ये उस्मानसागर आणि १९२७मध्ये हिमायतसागर उभे राहिले. काठाच्या भिंती, बागा, रुंद रस्ते हे सगळं योजनेत होतंच, आणि १९१२मध्ये त्यासाठी शहर सुधारणा मंडळही नेमलं गेलं. हायकोर्ट, उस्मानिया दवाखाना अशा देखण्या इमारती नंतर याच काठावर उभ्या राहिल्या. म्हणजे धरण आणि बाग एकाच नकाशावर काढण्याची अक्कल आपल्या मुलखाला शंभर वर्षांपूर्वी आली होती. क्रम मात्र ठरलेला होता. आधी पुराची सोय, मग फिरण्याची.

बिंदुसरेवरचं पालीचं धरण १९५५-५६च्या सुमारास झालं. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला होता, हैदराबाद राज्याचे शेवटचे दिवस चालले होते, आणि १९५६च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात जाणार होता. आबा तरुण होते, धरणावर मुकादमाच्या हाताखाली होते. वडारांची गाढवं रांगेनं माती वाहात, बाया घमेली उचलत, आणि संध्याकाळी हजेरीपटावर अंगठे उठत. आबांना सगळ्यात आठवायचा तो एक ओव्हरसियर. तो दुर्बीण लावून मापं घ्यायचा, पण मापं घेऊन झाली की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाठायचा आणि विचारायचा, "बाबा, तुमच्या उमरीत पाणी कुठवर आलं होतं?" म्हातारा काठी टेकत जाऊन एखादं झाड, एखादा दगड दाखवायचा. ओव्हरसियर तिथं चुन्याची खूण करायचा. "दुर्बिणीला आजचं दिसतं, म्हाताऱ्याला मागचं," असं आबा म्हणत.

ते धरण मोठं नाही. सात दशलक्ष घनमीटरच्या आसपास साठवण. पण कित्येक वर्षं बीडनं त्याच पाण्यावर दिवस काढले. धरण भरलं की सांडव्यावरून पाणी पसरत खाली पडतं, त्याला आमच्याकडे 'चादर' म्हणतात. "चादर पडली का?" हा बीडचा पावसाळ्यातला पहिला प्रश्न. पडली की अर्धं गाव पालीला. डबे, भजी, भिजलेली पोरं, हातात चप्पल घेऊन चालणाऱ्या आज्या. कुठल्या विकास आराखड्यानं हे पर्यटनस्थळ घोषित केलं नव्हतं, लोकांनीच केलं. आता चादर पडली की तिथं पोलीस उभे करावे लागतात.

मग मिलोचं, म्हणजे दुष्काळाचं साल, १९७२. पालीचा तळ भेगाळला. माझी आई तेव्हा परकरी पोर होती. ती खडी फोडायच्या कामावर तिच्या आईबरोबर जायची, कारण तिथं सुकडी मिळायची. जिल्हाभर पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांची कामं निघाली, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला. आईच्या पिढीसाठी धरण हे पाहायला जायचं ठिकाण नव्हतं, ते पोटाचं काम होतं. म्हणूनच पुढे जायकवाडी झालं तेव्हा आमच्या घरात अभिमान आणि रुसवा दोन्ही होते. जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. गोदावरीवरच्या धरणाची मूळ आखणी तिथली होती. पुढे जागा वर पैठणला सरकली, नाव मात्र तेच राहिलं. लालबहादूर शास्त्रींनी १९६५मध्ये पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६मध्ये उद्घाटन केलं. "नाव आमचं, पाणी त्यांचं," हा आबांचा ठसका. धरणाखाली पैठणला म्हैसूरच्या वृंदावनच्या धर्तीवर ज्ञानेश्वर उद्यान झालं. मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेची सहल तिथं जायचीच, आम्हीही गेलो. रंगीत कारंजी पाहिली. पुढे ते उद्यान वर्षानुवर्षं उजाड पडलेलंही पाहिलं. बाग करायला एक उद्घाटन पुरतं, ती राखायला दर महिन्याला माळ्याचा पगार लागतो.

आणि मग पुराचं साल. २३ जुलै १९८९, रविवार. मी तेव्हा लहान होते, आजोळी होते, म्हणून हा पूर माझ्याकडे दुसऱ्यांच्या आवाजातच आहे. आत्या नदीकाठच्या वस्तीत भाड्यानं राहायची. ती सांगते, की पाण्याआधी वास आला, मातीचा आणि सडक्या पाचोळ्याचा. मग गटार उलटं वाहायला लागलं. नदीकडं जाणारं पाणी घराकडं यायला लागलं, तेव्हा शेजारची म्हातारी ओरडली, "सामान सोडा, पोरं धरा." आत्यानं पोरं धरली आणि शिलाई मशीन सोडलं. त्या मशीनची हळहळ तिला अजून आहे. लोक गच्चीवर चढले, गच्ची नव्हती ते दुसऱ्याच्या गच्चीवर. जात-धर्म विचारायला वेळ नव्हता. खालून पत्रे, गाडगी, म्हशी, लाकडाची दारं वाहात चालली होती. शहराच्या नदीकाठच्या वस्त्या धुऊन निघाल्या, माणसं गेली, संसार गेले. पाणी ओसरल्यावर आत्याच्या खोलीत पिंडरीइतका चिखल होता आणि भिंतीवर छातीच्या वर एक सरळ तपकिरी रेघ.

छोटं का होईना, धरण असताना पूर कसा आला, असं आम्ही पोरं विचारायचो. उत्तर आबांनीच दिलं. धरण रिकामं असेल तर ते पुराचं पाणी पोटात घेतं. ते आधीच काठोकाठ भरलं असेल, तर वरून येईल तेवढं पाणी सांडव्यावरून जसंच्या तसं खाली येतं. वर डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी त्यातच, आणि धरणाच्या खाली मिळणाऱ्या नाल्यांवर तर कुणाचाच ताबा नाही. ज्या चादरीखाली आपण भिजतो, तीच जाड झाली की शहरात पूर होतो. शिवाय नदीचं पात्र तोवर आजीच्या वेळचं उरलं नव्हतं. हंगामाच्या जागी कायमचं आलं होतं. पालाच्या जागी टपरी, टपरीच्या जागी खोली, खोलीच्या जागी स्लॅब. तिथं राहायला आलेली बरीच माणसं दुष्काळानं गावाकडून ढकललेली होती. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊन पाडव्याला परतणाऱ्यांना शहरात परवडणारी जागा नदीकाठचीच होती. त्यांना अतिक्रमणवाले म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यांना दुसरी जागा कुणी दाखवली होती का, हाही प्रश्न पुराच्या पंचनाम्यात यायला हवा होता.

योगायोग असा, की त्याच १९८९च्या सप्टेंबरात राज्याच्या पाटबंधारे विभागानं पूररेषांचं परिपत्रक काढलं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको. तिथं बाग, मैदान, मोकळी जागा चालेल. निळ्या-लाल पट्ट्यात बांधायचं तर अटींनी. हे वाचलं तेव्हा मला आजीच आठवली. सरकारनं दोन रंगांत जे लिहिलं, ते तिच्या काळी लोक वागण्यातून पाळत होते. पुराच्या जागेत झोका चालेल, घर नको.

आता बिंदुसरेचं काय झालंय ते बीडकराला सांगायला नको. शहराला पाणी येतं माजलगावहून, सिंदफणेवरच्या त्या १९८७च्या धरणातून, ज्याची एकूण साठवण साडेचारशे दशलक्ष घनमीटर आहे. पालीपेक्षा साठ पटींहून जास्त. लांबून नळानं पाणी येऊ लागलं आणि दारातली नदी आपल्या लेखी संपली. जिच्यातून घागर भरायची तिच्यात आता सांडपाणी सोडायचं. २०१६च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातली बहुतेक धरणं कोरडी पडली, माजलगावही त्यातून सुटलं नाही, तेव्हा लोक पुन्हा टँकरमागे पळाले. पण नदीकडं कुणी वळून पाहिलं नाही, कारण वाळू उपसून गेलेली होती. वाळू नाही तिथं झिरा कुठला? उलट २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सिंदफणेला पूर आला, आणि पुन्हा सगळ्यांना नदीची जागा आठवली.

बिंदुसरेसाठी खोलीकरण, काठाचं सुशोभीकरण, पात्रात बंधारा-पूल अशी चर्चा अधूनमधून निघते. अहमदाबादची साबरमती, पुण्याची मुळा-मुठा ही नावं घेतली जातात. मला या स्वप्नाचा राग नाही. बीडच्या माणसाला संध्याकाळी बायका-पोरांना घेऊन बसायला जागा हवीच. पण साबरमतीत आज दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं आहे. तसं बिंदुसरेत कुठून सोडणार? आणि बंधारा घालून साठवायचं ते काय साठवायचं? आधी नाले वळवून सांडपाण्यावर प्रक्रिया केली नाही, तर आपण शहराच्या मधोमध डासांचं तळं बांधू. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्याआधी काढायचे असतात आणि पाऊस सरता सरता बसवायचे असतात. मराठवाड्यात किती बंधाऱ्यांचे बर्गे वेळेवर निघतात, हे गावोगावच्या शेतकऱ्याला विचारा. न निघाले तर पूर बंधाऱ्याच्या बगलेतून काठ फोडून जातो. शहरात त्या बगलेत शेत नसेल, घर असेल.

म्हणून आराखडा काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पालीच्या त्या ओव्हरसियरसारखं आधी म्हाताऱ्यांकडे जा. १९८९चं पाणी कुठवर आलं हे सांगू शकणारी माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याबरोबर एक-एक गल्ली फिरा आणि प्रत्येक शाळेच्या, मशिदीच्या, देवळाच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ ऑइलपेंटनं काढा. निळ्या आणि लाल रेषेचे नकाशे नगरपालिकेच्या दारात, मराठीत आणि उर्दूत, मोठ्या अक्षरात लावा. पालीतला गाळ काढा आणि तो शेतात जाऊ द्या. नदीत पडणारा प्रत्येक नाला मोजा. काठावर राहणाऱ्याला आधी दुसरं घर द्या, मग त्याची खोली पाडा. एवढं झालं की निळ्या रेषेच्या आत माती राखून, सिमेंट न ओतता, झाडं लावा, मैदान करा, पंचमीचे झोके बांधा, आठवडी बाजार भरवा. पुरात बुडालं तर आठ दिवसांत धुऊन पुन्हा वापरता येईल असंच तिथं काहीही असू द्या. आणि या कामाची सुनावणी कचेरीच्या वेळेत बंद खोलीत घेऊ नका. रविवारी, काठावर, आत्यासारख्या बायका येतील अशा वेळी घ्या.

धरण, बंधारा आणि बाग यांना माझा विरोध नाही, त्यांच्या क्रमाबद्दल हरकत आहे. बीडमध्ये नदीकाठी पहिला बाक टाकायच्या आधी पुराची जागा आखून मोकळी ठेवली गेली पाहिजे. ती न ठेवता केलेला कुठलाही विकास म्हणजे पुढच्या पंचनाम्याची तयारी आहे.